पायलट नोटीस न देता निघून जातो तेव्हा

विमानतळावरच्या बोर्डावर ‘ऑपरेशनल कारणांमुळे रद्द’ अशी ओळ कधी वाचली आहे का? या ‘ऑपरेशनल’ शब्दात काहीही मावतं. धुकं, बिघडलेलं इंजिन, उशिरा आलेलं विमान. आणि कधीकधी साधी गोष्ट: विमान आहे, प्रवासी आहेत, पण चालवणाऱ्याने काल राजीनामा मेल केला आणि आज तो आलाच नाही.

तर झालं असं. २०२३ सालची गोष्ट. आपल्या मुंबईची अकासा एअर जेमतेम वर्षाची होती. ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-अहमदाबाद असं तिचं पहिलं उड्डाण झालं होतं. एका वर्षात २० विमानं झाली, सगळं जोरात चाललं होतं. आणि मग थोड्याच आठवड्यांत ४३ पायलट नोटीस पीरियड न भरता निघून गेले. ऑगस्टमध्ये सुमारे ६०० उड्डाणं रद्द झाली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पायलटांकडून सुमारे २२ कोटींची भरपाई मागितली. कंपनी संकटात आहे, असं तिच्या वकिलांनी कोर्टात उघड सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, ४३ माणसं गेली म्हणून ६०० उड्डाणं? हिशोब बघा. एका विमानात दोन पायलट लागतात हे खरं, पण ते विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि माणसाला झोप लागते. वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही असा नियम आहे. सुट्टी, आजारपण, सिम्युलेटरवरची तपासणी हे सगळं धरलं तर देशांतर्गत एका विमानामागे साधारण बारा-चौदा पायलट ठेवावे लागतात. म्हणजे ४३ जण गेले की तीनेक विमानं नुसती उभी. शिवाय कॅप्टनच्या जागी फर्स्ट ऑफिसर बसवता येत नाही. आणि एअरबस चालवणाऱ्याला उद्या बोइंगमध्ये बसा असंही सांगता येत नाही, कारण प्रत्येक प्रकारच्या विमानाचं वेगळं ‘टाइप रेटिंग’ घ्यावं लागतं. ते आठवड्याभराचं काम नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी. अकासाकडे बोइंग ७३७ होती. तीच विमानं एअर इंडिया एक्स्प्रेसकडे होती, आणि गेलेल्यांपैकी बरेचसे तिकडेच गेल्याचं तेव्हा छापून आलं. टाइप रेटिंग तयार असलेला कॅप्टन म्हणजे लग्नाच्या सीझनमधला आचारी. तयार माल, कुठेही न्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली होती. एवढी विमानं चालवायला माणसं कुठून येणार, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता.

दुसरी वाट आखाताची. दुबई, अबूधाबी, दोहा. आपल्याकडे मोठ्या कंपनीतला कॅप्टन महिन्याला काही लाख कमावतो, म्हणजे पगार वाईट नाहीच. पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा इन्कम टॅक्समध्ये जातो. दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही. वर घराची सोय, मुलांच्या शाळेची फी. ज्याने फ्लाइंग स्कूल आणि टाइप रेटिंगसाठी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय, त्याला हे गणित कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. तुमच्या ओळखीत बारामतीला किंवा गोंदियाला फ्लाइंग शिकून, लायसन्स हातात घेऊन घरी बसलेला कुणीतरी असेल. २०२३ मध्ये देशात १६०० हून जास्त कमर्शियल पायलट लायसन्स दिली गेली. मग तुटवडा कसला? तुटवडा कॅप्टनचा आहे. कमर्शियल लायसन्सला २०० तास पुरतात. कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्सला किमान १५०० तास हवेत, आणि प्रत्यक्षात त्या डाव्या सीटवर बसायला कित्येक वर्षं जातात. नव्या मुलाला ते तास कंपनीच देते. आणि तास भरले की परदेशी कंपनी तयार फळ तोडून नेते.

म्हणूनच भारत सरकारने २०२५ मध्ये हा विषय थेट ‘आयकाओ’पुढे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेपुढे नेला. म्हणणं असं, की इतर देशांच्या कंपन्या आमची अनुभवी माणसं पुरेशी आगाऊ सूचना न देता उचलतात, त्यामुळे आमची वाढ अडते, तेव्हा यासाठी आचारसंहिता हवी. मला हे निवेदन वाचून जरा हसू आलं. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर बाहेर जातात तेव्हा आपण त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांचं कौतुक करतो.

बरं, मग नियम काय सांगतो? डीजीसीएने २०१७ मध्ये नोटीस पीरियड वाढवला: कॅप्टनला एक वर्ष, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. हो, एक वर्ष! आयटीतले आपले श्रोते नव्वद दिवसांच्या नोटीसवर रडतात, त्यांनी हे ऐकून घ्या. कंपनीने एनओसी दिली तर लवकर सुटता येतं, पण तुटवडा असताना कोण देणार? पायलटांच्या संघटनांनी या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानही दिलं. त्यांचा मुद्दा सोपा आहे: नवी कंपनी एक वर्ष थांबायला तयार नसते, म्हणजे हा नोटीस पीरियड नाही, कुंपण आहे.

आणि कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला काय असतं ते पायलटांनी बघितलंय. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा पायलटांचे महिन्यांचे पगार थकले होते. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं जमिनीवर आली, तेव्हाही तेच. कोविडमध्ये पगार कापले गेले ते वेगळंच. कंपनी बुडताना कर्मचाऱ्याला वर्षभराची नोटीस देत नाही. मग माझ्याकडूनच का मागता, असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं म्हणणं अवघड आहे. पण त्या दिवशी बेंगळुरूच्या गेटवर अडकलेल्या माणसाला यातलं काही ऐकायचं नसतं, हेही खरं.

कोर्ट काय करू शकतं? ‘परत येऊन विमान चालव’ असा हुकूम नाही देऊ शकत. आपल्या कायद्यात व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही. फार तर नुकसानभरपाई, तीही वाजवी. डीजीसीएने तर दिल्लीच्या कोर्टात सांगितलं, की कंपनी आणि पायलट यांच्या नोकरीच्या करारात आम्हाला पडता येत नाही. म्हणजे नियम करणारेच म्हणतात, नियम आहे, पण भांडण तुमचं! मात्र बाँड म्हणजे नुसता कागद असंही समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडली म्हणून घेतलेले दोन लाख रुपये योग्य ठरवले. ती सरकारी बँक होती, तिला भरतीसाठी मोठा खटाटोप करावा लागतो, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता. तुमच्या स्टार्टअपच्या बाँडला हेच लागू होईल असं नाही.

अकासाचं पुढे काय झालं? इथे गोष्ट भलतीच वळली. बोइंगकडून विमानं वेळेवर येईनात. माणसं आधीच भरती करून ठेवलेली. २०२५ पर्यंत परिस्थिती अशी, की कंपनीच्या पगारावर असलेल्या बऱ्याच पायलटांना उडवायला विमानच नव्हतं. आणि न उडता बसलेल्या पायलटचे तास वाढत नाहीत. तास नाहीत म्हणजे कॅप्टनपद लांबलं. आता सांगा, असा फर्स्ट ऑफिसर दुसरी नोकरी शोधणार नाही तर काय करणार?

जाता जाता तुमच्या कामाचं. उड्डाण रद्द झालं तर पूर्ण रिफंड किंवा दुसरं उड्डाण, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. आयत्या वेळी कळवलं असेल तर भरपाईही मागता येते: तासाभराच्या उड्डाणाला ५००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७५००, त्याहून लांबच्याला १०,०००. मूळ भाडं आणि इंधन शुल्क याहून कमी असेल तर तेवढं. वादळ, संप असली कंपनीच्या हाताबाहेरची कारणं यातून वगळली आहेत. पायलट सोडून गेला हे त्यात बसतं का? माझ्या मते नाही, माणसं सांभाळणं हे कंपनीचंच काम. काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी मागा, मिळालं की त्याचा फोटो काढून ठेवा, आणि तक्रार ‘एअरसेवा’ ॲपवर टाका.