नकाशावरची रेघ आणि बाजारपेठेतलं दुकान

जुन्या बाजारपेठेच्या सुधारणेचा विषय निघाला की खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, पहिली बातमी एकच पसरते: 'दुकानं पाडणार.' मग कोणी घाईघाईने जागा विकायला काढतो, तर कोणी 'आपलं काही चालत नाही' म्हणून गप्प बसतो. दोघंही नुकसान करून घेतात. कायद्याने नागरिकाला बोलायला जागा दिली आहे, पण ती ठरावीक मुदतीपुरतीच उघडी असते.

मुळात 'आराखडा मंजूर झाला म्हणजे पैसे आले' हा समज आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घट्ट बसलाय, आणि त्याचं कारणही उघड आहे. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा यांचे विकास आराखडे आपण कोटींच्या आकड्यांसह ऐकले. ते निधीचे आराखडे. शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, ही वेगळी गोष्ट. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार तो कुठे रस्ता रुंद होईल, कुठे मंडई, कुठे शाळा हे ठरवतो. पैसा त्यात नसतो, तो वेगळ्या योजनेतून आणावा लागतो. म्हणून डीपीत रेघ आली की उद्या जेसीबी येईल, असं होत नाही.

रेघ आली की आतली डागडुजीही बंद, असंही अनेकांना वाटतं. इमारतीच्या बाह्य रूपात फारसा बदल न होणारी दुरुस्ती कलम 43 अडवत नाही. आणि डीपीने जागेवर टाकलेलं आरक्षण कायमचं डोक्यावर बसत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपतं. नोटीस मात्र मालकानेच द्यायची असते. ती न दिल्यामुळे वर्षानुवर्षं अडकून राहणं, हे सगळ्यात वाईट.

मोबदला फक्त रोख मिळतो हेही खरं नाही. सहमतीने रोख, जादा चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर 2013 च्या कायद्याने भूसंपादन, असे मार्ग आहेत. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या शहरात टीडीआर घेण्याआधी तो विकत घेणारा आहे का, हे नीट पाहावं. मुंबई-पुण्यात चालणारा कागद इथे चालेलच असं नाही. शिवाय विदर्भात नझूलची, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेली सरकारी जागाही भरपूर. आपला प्लॉट मालकीचा की भाडेपट्ट्याचा, हे मिळकत पत्रिकेवर आधीच बघून ठेवावं.

आता मुख्य मुद्दा, हरकतीचा. सभेत आवाज चढवला किंवा आमदारांना निवेदन दिलं, म्हणजे हरकत नोंदली गेली असं नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नोटिशीत मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. त्यात शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक, नेमकी अडचण, आणि जमल्यास पर्याय लिहावा, जसं की 'रस्ता या बाजूने न वाढवता त्या बाजूच्या मोकळ्या जागेतून घ्या.' 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यावर हरकती ऐकणारी नियोजन समिती काय करणार? अर्जाची पोच घ्यावीच. नियोजन समितीत नगरपरिषदेचे तीन जण आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकत देणाऱ्याला सुनावणीची संधी देणं त्यांना बंधनकारक आहे. सुनावणीनंतर रेघा सरकू शकतात.

'भाडेकरूचा काय संबंध?' हा प्रश्न तर मालकापेक्षा भाडेकरूच जास्त विचारतो. हरकत कोणीही देऊ शकतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, शहरी जागेवर 3 वर्षं किंवा जास्त राहणारं, किंवा तितकीच वर्षं मुख्यतः तिथल्या कामावर पोट असलेलं कुटुंबही 'प्रभावित' धरलं आहे. सहमतीच्या व्यवहारात मात्र मालक आणि नगरपरिषद परस्पर ठरवून मोकळे होतील, ही भीती खरी आहे. म्हणून भाडेकरूने स्वतःच्या नावाने हरकत द्यावी.

पानटपरी, भाजीची हातगाडी यांनाही 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं कवच आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत उठवता येत नाही, स्थलांतराआधी 30 दिवसांची नोटीस लागते, आणि शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच असतात. आपल्या गावात ती समिती आहे का आणि तिची बैठक शेवटची कधी झाली, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारता येतं.