थरांवर थर, आठवणींचे पान

मैत्रिणींनो, लग्नपत्रिका, जरीकाठाचे तुकडे, जुनी पाकिटे... टाकवत नाहीत आणि ठेवायचीही अडचण! त्यांची चित्रवहीत पाने करा.

वही जाड कागदाची घ्या. चिकटकामाने ती फुगते, म्हणून मधूनमधून एखादे पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापून टाका. आधी जलरंगाचा पातळ हात द्या. वाळल्यावर कागद, कापड फेविकॉलने चिकटवा. मैद्याच्या खळीला कसर लागते. वर मेणकागद घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. तेलखडू अगदी शेवटी, कारण त्यावर पाण्याचा रंग धरत नाही.

माझी चूक मात्र करू नका. आईच्या हातची वाणसामानाची यादी मी तशीच चिकटवली आणि वर रंग फिरवला. दौतीची शाई ती, क्षणात पसरली! आई आधीच गेली होती. तिचे अक्षरही गेले. म्हणून मूळ कागद जपा, पानावर झेरॉक्स लावा.

"आता कुठे या वयात?" असे म्हणाल, तर इंग्लंडच्या मेरी डेलनी ऐका. पतिनिधनानंतर, १७७२ च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे थराथरांनी काळ्या कागदावर चिकटवून फुले करायला घेतली. दहाएक वर्षांत जवळजवळ हजार झाली! ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

माझ्या त्या बिघडलेल्या पानावर आता आईच्या लुगड्याचा काठ आहे. तुमचे पहिले पान आज दुपारच्या चहानंतर लावाच!