तासिकेची अमानत

रमजानमध्ये मिनिटाला मोल येते. सहरी कधी संपते, इफ्तार किती वाजता, हे प्रत्येक गावाचे वेगळे. मौद्यात सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी मावळतो. मुंबईचे वेळापत्रक इथे चालत नाही. वर्गाचेही तसेच आहे. दुसऱ्या शाळेचे वेळापत्रक आपल्या मुलांना लागू पडेलच असे नाही.

नव्या शिक्षकाचा नेहमीचा अनुभव असा, की धडा रंगात येतो आणि घंटा होते. हजेरी, वह्या काढणे, कालची उजळणी यांतच तासिकेचा बराच भाग निघून जातो. लहान गावच्या शाळेत हे गणित आणखी अवघड. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवले, म्हणजे दिवसाला चार तास. साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. वर्ग पाच, म्हणून एकाकडे तीन वर्ग येतात. 240 मिनिटे तिघांत वाटली, तर एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो फक्त 80 मिनिटे. उरलेल्या 160 मिनिटांत ती मुले काय करणार, याचे उत्तर टाचणात आधीच लिहिलेले हवे.

इथूनच वेळेचे नियोजन शिकता येते. एका वर्गाने जोडीने वाचायचे, दुसऱ्याने उदाहरणे सोडवायची, तिसऱ्याजवळ शिक्षकाने बसायचे. टाचणाच्या समासात प्रत्येक कृतीपुढे मिनिटे लिहायची आणि शाळा सुटल्यावर प्रत्यक्षात किती लागली ते पाहायचे. आठवडाभरात वेळ कुठे गळतो ते कळते. कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत ही तयारीही धरली आहे.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांना शाळेची वेळ जमत नव्हती, तर शाळाच कुरणात गेली. वेळ मुलांची, हे त्यांनी ओळखले होते.

रमजानमध्ये अनेक उर्दू शाळा सकाळी भरतात आणि तासिका आखूड होतात. तेव्हा काय गाळायचे? शिक्षकाने आपले बोलणे कमी करावे, मुलांचे वाचन नव्हे. तासिका ही मुलांची अमानत आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीची वाचायची पाळी घंटेआधी यायलाच हवी.