फाइल पुसली, माहिती गेली?

रेकॉर्ड रूममध्ये रुग्णाचं नाव सांगितलं की कारकून आधी रजिस्टरमधला क्रमांक शोधतो, मग कपाट. लिनक्समधली ‘ईएक्सटी ४’ ही फाइल व्यवस्था असंच करते. फोल्डरमध्ये फाइलचं नाव आणि एक क्रमांक, एवढंच. त्या क्रमांकाची नोंद म्हणजे ‘आयनोड’. मजकूर डिस्कवर कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं. नाव मात्र नसतं.

आधीच्या ईएक्सटी ३ मध्ये प्रत्येक ठोकळ्याचा (सहसा ४ किलोबाइट) पत्ता वेगळा लिहावा लागे. पहिले १२ आयनोडमध्ये, बाकीचे दुसरीकडे. अँजिओग्राफीच्या चित्रफितीसारख्या मोठ्या फाइलला हा खटाटोपच. २००८ मध्ये स्थिरावलेल्या ईएक्सटी ४ ने ‘अमुक ठोकळ्यापासून सलग इतके’ अशी नोंद आणली. अशा एका नोंदीत १२८ मेगाबाइटपर्यंत मजकूर बसतो.

फाइल पुसली की पत्ता खोडला जातो. मजकूर बहुधा तिथेच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून एखादा अहवाल चुकून पुसला गेला, तर त्या डिस्कवर नवं काही साठवू नये. संगणक बंद करून जाणकाराला दाखवावा. तरी तो मिळेलच असं नाही, आणि एसएसडीवर आशा आणखी कमी. उलट, दवाखान्यातला जुना संगणक विकताना नुसतं ‘डिलीट’ करून भागत नाही. रुग्णांची माहिती नव्या मालकाच्या घरी जाऊ शकते.