तव्यातला समुद्र

नागपूरच्या स्वयंपाकघरात लोखंडी तव्यावर भाकरी टाकताना समुद्र कोणाला आठवणार? पण आपल्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे, तसे थर एके काळी समुद्रातच साचले. कसे, ते पाहायला सागरतळाशी जावे लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये गोवा आणि चेन्नई येथील शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्याचे छायाचित्र टिपले. अशा झऱ्यांतले पाणी ३५० अंशांपर्यंत तापते आणि खडकातले लोह विरघळवून वर आणते. थंड पाण्याशी गाठ पडताच लोह व गंधक यांचे काळे कण बनतात आणि झरा धुराड्यासारखा धूर ओकू लागतो. उरलेले बरेचसे लोह समुद्रातल्या प्राणवायूमुळे लवकरच गंजते.

अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात मात्र प्राणवायू नाममात्रच होता. त्यामुळे झऱ्यांचे लोह विरघळलेलेच दूरवर पसरे. पुढे सूक्ष्म जीवांच्या करणीने ते गंजले, थरांवर थर बसले आणि त्यांचे खडक झाले.

तसा समुद्र आता उरलेला नाही. म्हणूनच डोंगर एकदा खणून संपला की पुन्हा भरणार नाही. आजीचा तवा मोडीत काढण्यापूर्वी एवढे आठवावे.