चुलीचे शब्द आणि जळणाची काटकसर : उजनीकाठच्या बोलीतून

कोणत्याही समाजाची काटकसर त्याच्या हिशेबाच्या वहीत जेवढी सापडते, तेवढीच, किंबहुना अधिक, त्याच्या बोलीत सापडते. जी वस्तू जपून वापरावी लागते तिच्या लहानसहान अवस्थांना वेगळी नावे मिळतात आणि ती जपण्याच्या क्रियांना स्वतंत्र क्रियापदे मिळतात. स्वयंपाकघरातील इंधनासंबंधी हा नियम किती खरा आहे, हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा व माढा तालुक्यांत, उजनी धरणाच्या काठावर वसलेल्या गावांच्या बोलीवरून चांगले समजते. केत्तूर, कुगाव, चिखलठाण, कंदर या परिसरात एका पिढीच्या आयुष्यात जळण पालटले. जळणाबरोबर शब्द पालटले. आणि शब्दांत साठवलेले काही ज्ञानही निसटू लागले.

प्रथम चुलीचा विचार करू. ‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’वरून आला, याविषयी मतभेद नाही. परंतु चूल म्हणजे केवळ तीन बाजूंची मातीची भिंत नव्हे. तिच्या शेजारी ‘वैल’ असतो. काही ठिकाणी त्याला ‘औल’ असेही म्हणतात. वैलात लाकूड घालीत नाहीत. मुख्य चुलीतील जाळ व धग आतल्या वाटेने तेथे पोहोचते आणि तेवढ्यावर कालवण शिजते किंवा आधण तापत राहते. तव्यावर भाकरी असताना जी उष्णता वाया गेली असती, ती वैल अडवून धरतो. मागच्या बाजूस ‘भानवस’ असते. तयार अन्नाची भांडी तेथे ठेवली की चुलीच्या उबेने ती निवत नाहीत, पुन्हा तापवावी लागत नाहीत. उष्णतेच्या पुनर्वापराचा सिद्धान्त ग्रंथात वाचण्यापूर्वी गृहिणींनी तो मातीत लिंपून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात या चुलीची स्तुती मर्यादेतच करावी. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्यास पोहोचतो; उरलेली उष्णता हवेत जाते आणि धूर बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो.

या तुटपुंज्या हिश्शाचा पुरेपूर उपयोग करण्यासाठी विस्तवाच्या प्रत्येक अवस्थेस नाव होते. ‘जाळ’ म्हणजे ज्वाला. तिच्यावर तवा तापतो. जाळ ओसरला की ‘आर’ राहतो, म्हणजे धगधगते निखारे. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर शेकतात, वांगे भाजतात. आर विझत आला की ‘फुफाटा’ उरतो, म्हणजे गरम राख. त्यात कांदा किंवा रताळे पुरून ठेवले की कोणी लक्ष न देता ते भाजून निघते. एकाच लाकडाकडून अशी तीन कामे करून घ्यावयाची, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. म्हणून पदार्थांचा क्रम विस्तवाच्या क्रमास बांधलेला असे. रात्री निखारा राखेत झाकून ठेवीत आणि सकाळी तोच फुलवीत. तो विझला तर शेजारून विस्तव आणीत. ‘त्या दोघांत विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार याच देवघेवीतून आला असावा. ज्यांच्यात एवढीही देवघेव उरली नाही, त्यांचे वैर पुरे, असा त्यातील भाव आहे.

क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत. चुलीतील आच कमी करावयाची तर ‘जाळ मागं ओढ’ म्हणतात, वाढवावयाची तर ‘लाकूड पुढं सार’. येथे आच ही हाताने मागेपुढे करण्याची वस्तू आहे. लाकूड वेळीच मागे ओढले नाही तर ते व्यर्थ जळताना डोळ्यांसमोर दिसते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि यशवंतसागर जलाशयाखाली नदीकाठची काळी जमीन व जुनी गावठाणे गेली. नव्या गावठाणांत लोक वसले आणि कालांतराने उसाचे व केळीचे क्षेत्र वाढत गेले. शेत बदलले म्हणजे जळणही बदलते. जिराइतात तुरीच्या ‘तुरकाट्या’ आणि ज्वारीची ‘धसकटे’ घरच्या शेतातून मिळत. केळीच्या बागेतून सरपण मिळत नाही. तिचे खोड म्हणजे बहुतांशी पाणी. उसाचे पाचट मुबलक, पण ते भुर्रकन पेटते, आर धरीत नाही, आणि चुलीपाशी बसून सतत सारावे लागते. म्हणून ते शेतातच पेटवून देण्याची चाल पडली. सरपणाची गरज बरीचशी वेड्या बाभळीने भागविली. काटे सोसून ती तोडावी लागते, पण तिचा आर टिकतो.

त्यानंतर गॅस आला. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेड्यातील गरीब घरांतही जोडणी पोहोचली. तथापि चूल गेली नाही. चहा, दूध आणि घाईचे कालवण गॅसवर, भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. ‘सिलिंडर’ बोलीत ‘टाकी’ झाला. गॅस ‘बारीक’ होतो, ‘मोठा’ होतो. तो ओढता-सारता येत नाही. त्याला आर नाही, फुफाटा नाही. बटण फिरवताच ऊबही संपते. म्हणजे जुन्या काटकसरीचा आधार, विस्तवाच्या अवस्थांचा क्रम, येथे उरतच नाही. शिवाय व्यर्थ जळणारा गॅस जळत्या लाकडासारखा डोळ्यांत भरत नाही. तो महिन्याच्या शेवटी, टाकी अकाली संपल्यावर जाणवतो.

तो कोठे जातो, हे थोड्या आकड्यांनी पाहता येईल. एक लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे 314 किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी पूर्णपणे वाफ होऊन उडून जाण्यास सुमारे 2,257 किलोज्यूल, म्हणजे सातपट, लागते. प्रमाणित घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. त्या हिशेबाने पहिल्या कामास सुमारे 10 ग्रॅम गॅस पुरतो, दुसऱ्यास 70 ग्रॅमहून अधिक जातो. उघड्या भांड्यातून रोज अर्धा लिटर पाणी विनाकारण उडू दिले, तर महिन्यास किलोभर गॅस गेला; आणि टाकीत असतो तो 14.2 किलो. उकळी आल्यावर मोठ्या आचेने पाणी अधिक तापत नाही, फक्त लवकर उडते. ‘कढ आला की झाकण ठेव आणि बारीक कर’ या सासूच्या सूचनेत सारे भौतिकशास्त्र आहे. फक्त ती सूचना देण्यापूर्वी ‘जाळ मागं ओढ’ अशी होती.

प्रेशर कुकरने एक नवे माप दिले, ते ‘शिट्टी’. ‘डाळीला तीन शिट्ट्या’ हे आता कालमापन आहे. वस्तुतः शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली उष्णता. कुकरात दाब वाढून पाण्याचे तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, त्यामुळे अन्न लवकर शिजते. तो दाब एकदा आला की बारीक आचेवर तो टिकतो. शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजली, तर डाळ तशीच शिजते आणि गॅस कमी जातो. हुलगा, मटकी, हरभरा रात्री भिजत घातल्यास शिजण्याचा वेळ आणखी घटतो. येथे मात्र बोलीने लोकांस थोडे चकविले आहे. जे ऐकू येते तेच मोजले गेले.

पाचटाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडविण्याचा यत्न पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने केला. शेतात जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याच्या तंत्राबद्दल या संस्थेस 2002 साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. तिच्या ‘सराई’ कुकरात सुमारे 100 ग्रॅम कांडी कोळशावर लहान कुटुंबाचा भात, वरण व भाजी वाफेवर शिजते. पाचटात जो आर नव्हता तो कोळशाने त्यास दिला, असे चुलीच्या भाषेत म्हणता येईल.

सरकारी पत्रकांत या सर्वास ‘इंधन बचत’ म्हणतात. गावात ‘बचत’ म्हटले की बचत गट आणि पैसा आठवतो. गॅससाठी तेथील शब्द ‘पुरवणे’ हा आहे: ‘टाकी दोन महिने पुरवायची.’ बचत म्हणजे शेवटी शिल्लक काय राहिले ते. पुरवणे म्हणजे हाती आहे ते ठरल्या दिवसापर्यंत नेणे. पत्रक लिहिणाऱ्यांनी हा दुसरा शब्द घेतला, तर निदान वाक्याचा पहिला अर्धा भाग समजावून सांगावा लागणार नाही.