वेटिंग लिस्ट नसलेला देश

रोम ते फ्लोरेन्सचं तिकीट काढून झालं आणि आईनं पहिला प्रश्न विचारला, "अगं, कन्फर्म आहे ना?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, दोघींचे पासपोर्ट आणि तारखा लिहिलेली माझी वही. मी म्हटलं, "आई, तिकडे वेटिंग नसतंच." तिला ते पटेना. "असं कसं नसेल? गर्दी झाली तर काय करतात?"

तिचंही बरोबर होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या आरक्षणासाठी ती वर्षानुवर्षं कोल्हापूरला खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली आहे. चार्ट लागेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही. माझ्या पिढीची रांग मोबाइलवर आली एवढाच फरक. तत्काळसाठी सकाळी दहाच्या ठोक्याला आम्हीही श्वास रोखून बसतोच. तिकीट मिळेल की नाही, ही धास्ती आपल्या अंगात मुरलेली आहे. इटलीला निघतानाही ती आपण सोबत नेतो आणि तिच्यापायी नको तिथं घाई करतो, हव्या त्या ठिकाणी मात्र गाफील राहतो. तिथं तिकीट बहुतेक वेळा मिळतंच. बघायचं असतं ते त्या तिकिटाच्या अटी काय आहेत ते.

आधी गाड्यांच्या दोन जाती ओळखायला हव्यात. एक लांब पल्ल्याची जात. फ्रेच्चारोसा, म्हणजे 'लाल बाण', ही त्रेनितालिया या सरकारी मालकीच्या कंपनीची गाडी ताशी तीनशे किलोमीटरनं धावते. इंटरसिटी त्याहून संथ आणि स्वस्त. एप्रिल २०१२पासून त्याच रुळांवर इटालो नावाची खासगी कंपनीही आपल्या गाड्या चालवते आणि या चढाओढीचा फायदा प्रवाशांना होतो. या सगळ्या गाड्यांत जागा राखीव असते आणि भाडं विमानासारखं चढतं. रोम–फ्लोरेन्सचं जे तिकीट महिना-दीड महिना आधी वीस-पंचवीस युरोंना मिळतं, तेच आदल्या दिवशी पन्नासच्या पुढं गेलेलं असतं. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, वेळ दीड तास.

दुसरी जात 'रेजोनाले', आपल्या पॅसेंजरची बहीण म्हणा. फ्लोरेन्सहून पिसाला जायचं असेल तर हीच गाडी. हिच्यात आरक्षण नाही, आसन क्रमांक नाही आणि भाडं अंतरावर ठरलेलं, त्यामुळे तिकीट आज काढा की तीन महिने आधी, तेवढंच पडतं. ओळखीतल्या एका कुटुंबानं घाबरून अशी सहा तिकिटं पुण्यातूनच काढून ठेवली. पिसाला जायच्या दिवशी पाऊस लागला, बेत बदलला आणि त्या तिकिटांचं काय करायचं यात त्यांची सकाळ गेली. रेजोनालेचं तिकीट स्टेशनवर, त्या दिवशी, पाच मिनिटं आधी काढलं तरी चालतं.

आता लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे वळू, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते तिथंच. दोन्ही कंपन्यांची तिकिटं तीन थरांची असतात. त्रेनितालियाकडे बासे, इकॉनॉमी आणि सुपर इकॉनॉमी. इटालोकडे फ्लेक्स, इकॉनॉमी आणि लो कॉस्ट. आसन तेच, गाडी तीच. फरक फक्त बेत बदलण्याच्या मोकळिकीचा. बासेचं तिकीट गाडी सुटायच्या आधी बदलून घेता येतं, सुपर इकॉनॉमीचं ना बदलता येतं ना परत करता येतं. त्या गाडीला पोचला नाहीत, तर पुढच्या गाडीत बसायचा हक्क राहत नाही. "साहेब, जरा अॅडजस्ट करा" हे आपलं रामबाण वाक्य तिथं उपयोगाला येत नाही. तिकीट तपासनीस नम्रपणे नवं तिकीट फाडतो.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की ज्या दिवशी मुंबईहून विमान उतरतं, त्या दिवसासाठी सर्वांत स्वस्त तिकीट कधीही घेऊ नये. विमानाला दोन तास उशीर, पासपोर्टच्या रांगेत एक तास, बॅगेची वाट पाहण्यात अर्धा तास, एवढ्यानं ते तिकीट कागद होऊन जातं. मधल्या दिवसांची गोष्ट वेगळी. हॉटेल ठरलंय, सकाळी नाश्ता करून निघायचंय, तिथं सुपर इकॉनॉमी खुशाल घ्यावं.

पण भारतीय पासपोर्ट हातात असणाऱ्याला त्याआधी आणखी एक गाठ सोडवावी लागते, ती शेंगेन व्हिसाची. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो आणि निकालाला साधारण पंधरा दिवस धरायचे असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्जासाठी वेळ मिळवण्यातच आठवडे जातात. म्हणजे स्वस्त तिकिटं दिसत असतात तेव्हा व्हिसा हातात नसतो आणि व्हिसा येतो तोवर तिकिटं महागलेली असतात. ही ओढाताण युरोपियन प्रवाशाला ठाऊकच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी लिहिलेला 'लवकर काढा, स्वस्त काढा' हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. व्हिसाचा शिक्का पासपोर्टात बसेपर्यंत परत न होणारं एकही तिकीट आम्ही काढलं नाही. रोम–फ्लोरेन्सच्या दोन तिकिटांना त्यामुळे पंचवीसेक युरो जास्त गेले असतील. झोप शांत लागली, ती त्या पैशांत वसूल.

लवकर बघायला बसलेल्यांना आणखी एक गोष्ट चकवते. चार-पाच महिन्यांपुढची तारीख टाकली तर कधी गाडीच दिसत नाही. आपल्याला वाटतं, संपल्या जागा! तसं नसतं. युरोपातल्या रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यात बदलतं, जूनच्या मध्यात त्यात पुन्हा फेरफार होतात आणि नव्या वेळापत्रकाची विक्री सुरू होईपर्यंत पुढचे दिवस कोरेच दिसतात. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्यापूर्वी एकशेवीस होते. आपल्याला मोजून दिवस सांगता येतो. तिथं असा एकच ठरीव आकडा नाही. आठवड्यानं पुन्हा डोकवायचं, एवढंच.

मग पैसे भरण्याची पायरी. त्या रात्री आमचं घोडं अडलं ते इथंच. दोनदा कार्ड नाकारलं गेलं. नावात चूक झाली का, रक्कम जास्त झाली का, असा अर्धा तास डोकेफोड केल्यावर लक्षात आलं, की रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवं कार्ड मुळात देशातल्या व्यवहारांपुरतंच चालू असतं. परदेशी व्यवहाराची कळ आपणच बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करायची आणि तिथली मर्यादाही वाढवायची. तसं केल्याबरोबर तिसऱ्या खेपेला ओटीपी आला आणि तिकीट निघालं. जाण्याआधी घरूनच एक तिकीट काढून पाहावं असं मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी. तिथं पोचल्यावर भारतीय सिम रोमिंगवर नसेल तर ओटीपी येणारच नाही आणि ऐन फलाटावर कार्ड हातात धरून उभं राहावं लागेल.

संकेतस्थळ कंपनीचं स्वतःचंच वापरावं. त्रेनितालियाच्या साइटवर इटालोच्या गाड्या दिसत नाहीत, इटालोच्या साइटवर त्रेनितालियाच्या नाहीत, म्हणून दोन्ही उघडून भाव पाहायचे. दोघांच्या गाड्या एकत्र दाखवणारे मध्यस्थ असतात, त्यांचा उपयोगही होतो. पण एका मध्यस्थाकडून घेतलेलं तिकीट बदलायला गेले तेव्हा रेल्वेची खिडकी म्हणाली त्यांच्याकडे जा आणि त्यांच्याकडून तीन दिवस उत्तर नाही. तेव्हापासून मी थेट काढते.

स्टेशनांची नावं त्यांच्या भाषेत ओळखीची करून घ्यावीत. फ्लोरेन्स म्हणजे फिरेंझे आणि त्यातलं शहराच्या पोटातलं स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. रोमला तेर्मिनी मधोमध, तिबुर्तिना बाजूला. व्हेनिसची दोन स्टेशनं तर हमखास फसवतात. मेस्त्रे हे जमिनीवरचं. सांता लुचिया बेटावरचं. मधला पाण्यावरचा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा रेल्वे पूल १८४६पासून उभा आहे. स्वस्त हॉटेल मेस्त्रेला असेल तर तिथं उतरा, पण कालवे बघायला निघालेला माणूस घाईत मेस्त्रेला उतरला, की बाहेर त्याला सिमेंटच्या इमारती दिसतात आणि मन खट्टू होतं. पाँपेचंही तसंच. उत्खननाच्या दारात उतरवणारी गाडी नेपल्सहून सुटणाऱ्या चिर्कुमवेझुव्हियाना या स्थानिक रेल्वेची. ती त्रेनितालियाची नाही आणि तिचं स्टेशन 'पाँपेई स्काव्ही'. त्रेनितालियावर नुसतं पाँपेई टाकलं तर आजच्या गावातलं स्टेशन मिळतं.

खरी परीक्षा मात्र तेर्मिनीच्या त्या मोठ्या फलकाखाली झाली. आमची गाडी सुटायला वीस मिनिटं होती आणि फलकावर फिरेंझे कुठंच नव्हतं. मिलानो होतं, नापोली होतं, वेनेझिया होतं. आईच्या कपाळावर आठ्या. मग तिकिटावरचा गाडीचा नंबर फलकाशी जुळवला, तर आमची गाडी वेनेझिया सांता लुचियाच्या ओळीत सापडली. फलकावर शेवटचं स्टेशन लिहितात. मधली स्टेशनं बारीक अक्षरांत बाजूनं सरकत जातात. आईला हे सांगितल्यावर ती चटकन म्हणाली, "म्हणजे दादरला उतरायचं असलं तरी पाटी सीएसएमटीचीच बघायची." अगदी तसंच. नंबर पाठ करावा, नाव नव्हे. फलाट, म्हणजे 'बिनारिओ', गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी जाहीर होतो, तोवर सगळे माना वर करून उभे असतात. फलाटाच्या तोंडाशी तिकीट दाखवावं लागतं, म्हणून मोबाइलची बॅटरी संपू देऊ नये. आम्ही प्रिंटही ठेवला होता. डब्याला 'कारोत्झा' आणि आसनाला 'पोस्तो'. हे दोन शब्द आणि उशिरासाठी 'रितार्दो' एवढं इटालियन पुरतं.

रेजोनालेचं कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप मारून घ्यावाच लागतो. ते विसरलं तर खिशात तिकीट असूनही दंड होतो, कारण छापाविना तेच तिकीट उद्याही वापरता येईल. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचे नियम वेगळे असतात, ते त्याच पडद्यावर लिहिलेले असतात आणि ते वाचूनच डब्यात चढावं.

संप हाही तिथल्या रेल्वेचा भाग. 'शोपेरो' हा शब्द स्टेशनवर दिसला तर घाबरून जायचं कारण नाही. संप आधी जाहीर करावा लागतो आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या कायद्यानं चालवाव्याच लागतात. उशिराबद्दलही प्रवाशाचा हक्क आहे: युरोपियन नियमांनुसार गाडी एक तासाहून अधिक उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांहून अधिक तर निम्मं भाडं मागता येतं. अर्ज ऑनलाइन करायचा. आपल्या लोकांना हे माहीत नसतं आणि पैसे तसेच सोडून दिले जातात, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा प्रवास आम्ही मुद्दाम संथ निवडला. रोमहून सिसिलीला सिराकूजापर्यंत जाणारी इंटरसिटी. विमानानं तासाभरात झालं असतं. पण इटलीच्या बुटाचं टोक जिथं संपतं, त्या व्हिला सान जोव्हान्नीला ही गाडी चक्क बोटीत चढते. डबे तोडून तुकड्या-तुकड्यांनी जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा जोडतात. तिकीट एकच, बोटीचं वेगळं काही नाही. माणसं गाडीतून उतरून जिन्यानं वर डेकवर येतात, वाऱ्यात उभी राहतात.

आम्हीही गेलो. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना किनारा दिसत होता आणि समोर मेसिनाच्या बंदरातली उंच खांबावरची सोनेरी माता मेरी हळूहळू मोठी होत होती. आईनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, पदर वाऱ्यावर फडफडत होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग भोंगा झाला, माणसं जिन्याकडे निघाली, तशी तिनं पर्समधून घडी घातलेला प्रिंट काढला, चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचलं, "कारोत्झा पाच, पोस्तो बारा." आणि माझी वाट न बघता पुढं होऊन जिना उतरायला लागली.